फाइलीचे नाव हीदेखील पुष्पिकाच

मराठीच्या विभागांतून हल्ली मुलाखतींचे, कीर्तनांचे, ओव्यांचे चित्रीकरण उत्साहाने होते, आणि त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र जमलेल्या फाइलींची व्यवस्था लावण्याचा प्रश्न निघाला, की 'ते तांत्रिक काम, एखादा विद्यार्थी पाहील' असे म्हणून तो झटकला जातो. या वृत्तीला आमचा विरोध आहे. हे काम तंत्रज्ञाचे नव्हे, संशोधकाचे आहे.

पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते : कोणी लिहिली, कधी, कोठे. ती नसली तर पाठसंपादक हळहळतो. कॅमेरा फार तर तारीख-वेळ नोंदवतो, तीही घड्याळ नीट लावले असेल तर. गाणारी कोण, गाव कोणते, हे त्याला ठाऊक नसते. तो फाइलीला 'सी०००१' असले काही नाव देतो आणि कार्ड बदलले, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. मग दोन गावांतल्या दोघींच्या ओव्या एकाच नावाने एका फोल्डरात येतात आणि बेसावध क्षणी एक दुसरीला पुसून टाकते.

प्रीमिअर प्रोसारख्या प्रोग्रॅमची प्रोजेक्ट फाइल ही जणू संदर्भसूची. मूळ चित्रण तिच्यात नसते. ते कोठे ठेवले आहे, एवढा पत्ता असतो. कोणी मध्येच फोल्डरचे नाव बदलले, की पडद्यावर 'मीडिया ऑफलाइन' अशी पाटी झळकते. संदर्भ उरतो, ग्रंथ हरवतो.

'एवढी कारकुनी करत बसलो तर काम कधी व्हायचे?' असा आक्षेप येईल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात १ लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. गायिका आणि गाव यांच्या नोंदी व विषयवार वर्गीकरण हाताशी होते, म्हणूनच 'पारी'च्या संकेतस्थळावर २०१७पासून त्या वाचकांपुढे येऊ शकल्या. गायिकांच्या गावी पुन्हा जाऊन चित्रीकरणही करता आले. ही कारकुनी नसती तर उरला असता तो केवळ ढिगारा.

तेव्हा आमचा आग्रह असा. चित्रीकरणाच्या दिवशीच संपूर्ण कार्डाच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर घ्याव्यात आणि त्या दोन ठिकाणी ठेवाव्यात. मूळ चित्रण, ध्वनी आणि संपादित रूपे यांचे फोल्डर वेगळे असावेत. तारीख, गाव, व्यक्ती, क्रमांक ही नावे संपादनापूर्वीच पक्की करावीत. 'फायनल', 'फायनल २', 'खरे फायनल' ही वंशावळ बंद करून आवृत्तीला क्रमांक द्यावा. आणि प्रबंधासोबत चित्रफीत सादर होईल तेव्हा परीक्षकांनी आधी तिची नोंदवही मागावी.

ओवी रचणारी शतकानुशतके निनावी राहिली, तो काळाचा दोष म्हणू. कॅमेऱ्यासमोर तिने स्वतःचे नाव सांगितल्यावरही ती 'सी०००१' म्हणूनच उरली, तर तो दोष विद्यापीठीय मराठीचा.