कशावरून ?

अंतराळांतील दुर्बिणींनीं घेतलेलीं चित्रें सांप्रत घरोघर पोंचलीं आहेत. तांबूस मेघांच्या राशी आणि भोंवऱ्यासारख्या गरगरणाऱ्या दूरदूरच्या दीर्घिका पाहून लहानथोर सर्वच चकित होतात. हा विस्मय चांगला आहे. ज्याला कशाचेंच आश्चर्य वाटत नाहीं, तो शिकण्याच्या वाटेला लागतच नाहीं. परंतु आपण विस्मयापाशींच थांबतों, हें आम्हांस खटकतें. या दुर्बिणींनीं आपणांस चित्रांहून मोलाची एक वस्तु दिली आहे. 'कशावरून ?' या लहानशा प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें कसें द्यावें, याचा तो धडा होय.

कृष्णविवराचेंच उदाहरण घेऊं. पृथ्वीवरून वर फेंकलेली वस्तु परत खालीं येऊं नये असें वाटत असेल, तर तिला सेकंदास सुमारें ११ किलोमीटर वेग द्यावा लागतो. एखाद्या ठिकाणीं द्रव्य इतकें दाटलें, कीं तेथून सुटण्यास सेकंदास ३ लक्ष किलोमीटर हा प्रकाशाचा वेगहि अपुरा पडावा, तर त्या स्थळास कृष्णविवर म्हणतात. आतां चाणाक्ष विद्यार्थी विचारील, "जेथून प्रकाशच येत नाहीं, तें दिसणार कसें ? आणि दिसत नाहीं, तर तें आहे हें कशावरून ?" प्रश्न अगदीं रास्त आहे.

रात्रीच्या अंधारांत शेतांतील माळ्यावर कोणी गोफण फिरवीत आहे, अशी कल्पना करा. गोफणींतील दगड तेवढा चकाकतो, फिरविणारा दिसत नाहीं. तरी दगडाचें वजन, दोरीची लांबी आणि फिरण्याचा वेग कळला, तर मधल्या हाताला किती जोर लावावा लागतो याचें गणित मांडतां येतें. ज्योतिषशास्त्रज्ञ हेंच करतात. युरोपियनांनीं डिसेंबर २०१३ मध्यें 'गाइया' नांवाची दुर्बीण अंतराळांत सोडली. तिच्या मोजमापांत सूर्यासारखा एक तारा सुमारें १८६ दिवसांत कोणा अदृश्य जोडीदाराभोंवतीं फेरी घालतांना आढळला. गणित केल्यावर तो जोडीदार सूर्याच्या सुमारें साडेनऊपट भारी निघाला. इतका भारी तारा असता तर तो दिसल्यावांचून राहिला नसता. भूमीवरील दुर्बिणींनीं हें सर्व पुन्हां ताडून पाहिलें, आणि मगच २०२२ सालीं तें कृष्णविवर असल्याचें जाहीर झालें. तें सुमारें १,५६० प्रकाशवर्षें दूर आहे, आणि ज्ञात कृष्णविवरांत आपणांस सर्वांत जवळचें तेंच. 'कृष्णविवर आतां पृथ्वीला गिळणार' अशी वार्ता फोनवर आली, तर एवढी माहिती असलेला मुलगा ती पुढें पाठविण्यापूर्वीं खचित थांबेल.

याहून मोठें उदाहरण कन्या राशींतील 'एम ८७' या दीर्घिकेचें. ती सुमारें साडेपांच कोटि प्रकाशवर्षें दूर आहे. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी तीव्र आणि दूर जाणाऱ्या गाडीची मंद्र स्वरांत ऐकूं येते, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. प्रकाशाचेंहि असेंच आहे : जवळ येणाऱ्या वस्तूचा प्रकाश किंचित् निळ्याकडे सरकतो, दूर जाणाऱ्या वस्तूचा तांबड्याकडे. १९९४ सालीं 'हबल' दुर्बिणीनें त्या दीर्घिकेच्या गाभ्यांतील वायूचा प्रकाश तपासला. एका बाजूचा वायु सेकंदास सुमारें ५०० किलोमीटर वेगानें आपल्याकडे येत होता, आणि दुसऱ्या बाजूचा जवळजवळ तितक्याच वेगानें दूर जात होता. त्यावरून मध्यें दोनतीन अब्ज सूर्यांएवढें द्रव्य कोंडलेलें असावें असें अनुमान निघालें. पुढें २०१९ सालीं पृथ्वीवरील आठ रेडिओ दुर्बिणींनीं मिळून त्याच ठिकाणच्या काळ्या छायेचें चित्र सिद्ध केलें. तेव्हां तो आंकडा साडेसहा अब्ज सूर्यांवर गेला. निष्कर्ष टिकला, आंकडा सुधारला. पुरावा बदलला कीं आंकडा बदलण्यास शास्त्रास लाज वाटत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावें.

या प्रश्नापुढें मानमरातब चालत नाहीं. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे १९३० सालीं, अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, मुंबई बंदरांतून विलायतेस निघाले. बोटीवर त्यांनीं गणित मांडलें, कीं इंधन संपून निवालेला तारा ठराविक मर्यादेहून भारी असेल, तर तो स्वतःचा भार पेलूं शकणार नाहीं. ही मर्यादा आज सूर्याच्या सुमारें १.४ पट धरतात. जानेवारी १९३५ मध्यें लंडन येथील विद्वत्सभेंत सर आर्थर एडिंग्टन यांनीं या मताचा उपहास केला. एडिंग्टन हे त्या काळचे अग्रगण्य ज्योतिषशास्त्रज्ञ. पुष्कळांस त्यांचाच शब्द प्रमाण वाटला. चंद्रशेखर यांनीं भांडण वाढविलें नाहीं आणि गणितहि सोडलें नाहीं. पुढें त्यांचें मत सर्वमान्य झालें, आणि १९८३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कृष्णविवरांत पडणारा वायु अतिशय तापून क्ष-किरण फेंकतो. ते किरण आपलें वातावरण अडवितें, म्हणून ते टिपणारी दुर्बीण १९९९ सालीं अंतराळांत पाठविली. तिचें नांव 'चंद्रा' असें चंद्रशेखर यांच्याच स्मरणार्थ ठेविलें आहे.

हा प्रश्न दुसऱ्यांच्या मतांस विचारावा, तसाच आपल्या समजुतींसहि विचारावा. डिसेंबर १९९५ मध्यें 'हबल' दुर्बीण सप्तर्षींजवळच्या एका चिमुकल्या, रिकाम्या भासणाऱ्या जागेकडे दहा दिवस रोंखून ठेविली होती. तेथें कांहीं नाहीं, हें तरी कशावरून ? त्या ठिपक्याएवढ्या जागेंत सुमारें ३,००० दीर्घिका सांपडल्या !

कोणी म्हणेल, हीं कामें श्रीमंत राष्ट्रांचीं. आमच्या मुलांनीं त्यांत काय करावें? हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. २५ डिसेंबर २०२१ रोजीं, नाताळच्या दिवशीं, उडालेली 'वेब' दुर्बीण आपणांपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटर दूर राहून निरीक्षण करते. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंदीचा आहे. अशी दुर्बीण बांधण्यास अपार द्रव्य लागतें, हें खरें. पण तिचीं निरीक्षणें कालांतरानें सर्व जगास खुलीं होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील संशोधकांनीं याच निरीक्षणांतून एक सुडौल, सर्पिल दीर्घिका हुडकली. २०२५ सालीं ती 'अलकनंदा' या नांवानें जगापुढें आली. विश्वाचें वय सुमारें दीड अब्ज वर्षें होतें तेव्हांची ती आहे, आणि इतक्या लौकर अशी घडी बसलेली दीर्घिका असेल अशी पुष्कळांची अपेक्षा नव्हती. येथें उपयोगीं पडलें तें गणित, चिकाटी आणि नेमका प्रश्न. या तीन गोष्टी आमच्या शाळेंतहि मिळूं शकतात.

चित्रांच्या रंगांविषयींहि येथेंच सांगितलें पाहिजे. 'चंद्रा' व 'वेब' जो प्रकाश टिपतात, तो बहुतेक आपल्या डोळ्यांस दिसतच नाहीं. रंग मागाहून योजिलेले असतात. यांत फसवणूक नाहीं. नकाशांत प्रांतांस निरनिराळे रंग देतात, म्हणून जमीन कांहीं तशा रंगाची नसते. कोणता रंग कशाची खूण आहे हें ज्यानें विचारलें, त्यानेंच तें चित्र वाचलें; इतरांनीं केवळ पाहिलें.

पालकांस आमची नम्र विनंति आहे. मुलानें 'कशावरून ?' असें विचारलें कीं पुष्कळ घरांत तो उद्धटपणा समजतात, आणि वर्गांतहि 'परीक्षेला येत नाहीं' म्हणून तो प्रश्न मिटविला जातो. अशानें मूल नम्र होत नाहीं, मुकें होतें. आणि पुढें जो मोठ्यानें बोलेल त्याचें तें खरें मानूं लागतें. उत्तर ठाऊक नसल्यास 'मला ठाऊक नाहीं, आपण मिळून शोधूं' असें म्हणण्यांत वडिलकीस कांहीं उणेपणा येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांसहि एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. हा प्रश्न विचारून उत्तर ऐकण्यास न थांबणें हा निव्वळ हट्ट होय. उत्तर समजून घेण्यास गणित करावें लागतें, मोजमाप करावें लागतें, वाट पाहावी लागते. म्हणून यंदा प्रत्येकानें आठवड्यास एक विधान आपल्या पाठ्यपुस्तकांतून निवडावें, आणि तें कोणीं, केव्हां व कसें ताडून पाहिलें याचा शोध घेऊन वहींत टिपून ठेवावें. वर्षअखेर अशी चाळीस टिपणें ज्याच्याजवळ जमतील, त्याच्या गुणपत्रिकेंत त्यांची नोंद कदाचित् होणार नाहीं; पण तीं त्याच्या जन्मभर उपयोगीं पडतील, अशी आमची खात्री आहे.