मामाचा वेगळा कप

सारनाथहून परतताना बनारसच्या पंचगंगा घाटावर मुद्दाम थांबले. इथे अंघोळ केली की पाप धुतलं जातं, असं मानतात. मी आले होते कबीरासाठी. आख्यायिका सांगते, की विणकराच्या पोराला रामानंद दीक्षा देणार नाहीत, म्हणून कबीर पहाटेच्या अंधारात याच पायऱ्यांवर आडवा झाला आणि रामानंदांचा पाय त्याच्यावर पडला. बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी हा एक. त्यालाही स्पर्श मिळवावा लागला तो अंधारात, चुकून झाल्यासारखा.

पायरीवर बसले आणि मामा आठवला. तो ट्रकवर होता. २००२ मध्ये एचआयव्ही असल्याचं कळलं आणि आमच्याच घरात त्याचा कप वेगळा झाला. गावच्या हॉटेलात ज्या आजोबांसाठी कानतुटका कप बाहेर ठेवलेला असायचा, त्यांच्याच घरात. मामा स्वतःचा कप स्वतः विसळून पालथा घालायचा, आजोबांसारखाच. पुढच्या वर्षी तो गेला.

बीएस्सीला आल्यावर कळलं, की हा विषाणू कपातून, ताटातून, स्पर्शातून पसरतच नाही. तो पसरतो असुरक्षित संबंधातून, दूषित रक्त आणि सुयांमधून, आईकडून बाळाला. शरीरात तो सीडी४ पेशी गाठतो. या पेशी प्रतिकारशक्तीच्या संघटक. बाकीच्या पेशींना जागं करून कामाला लावणाऱ्या. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. उपचार नसतील तर बहुतेकांमध्ये आठ-दहा वर्षांत त्या २०० च्या खाली येतात आणि एड्सची अवस्था येते. मग टीबीसारखे आजार घेरतात. संघटक संपवले की माणसं असूनही लढा उभा राहत नाही, हे चळवळीतल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

सरकारने मोफत एआरटी सुरू केली १ एप्रिल २००४ ला. मामाला ती मिळाली नाही. २०१७ पासून सीडी४ कितीही असोत, निदान होताच औषध सुरू करण्याचं धोरण आहे. गोळी रोज घेतली आणि विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मात्र गोळ्या सोडल्या की तो पुन्हा वाढतो. ज्याला घरातच गोळ्यांची बाटली लपवावी लागते, त्याची गोळी चुकणारच. म्हणजे वेगळा कप नुसता अपमान करत नाही, तो औषधाच्या आड येतो.

‘आधीच आपली बदनामी कमी आहे का, हे कशाला बोलायचं?’ असं आपलीच माणसं म्हणतात. मला वाटतं, आपणच बोललं पाहिजे. शिवाशिव कशी माणूस खाते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आणि आजार म्हणजे पाप नव्हे; तो धुवायला घाट लागत नाही, दवाखाना लागतो.

कायदाही बाजूने आहे. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणावरून काम करू शकणाऱ्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी किंवा प्रवेशासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणं त्याने बेकायदेशीर ठरवलं आहे.

घरातले आपण पहिले पदवीधर. वस्तीतला प्रत्येक रिपोर्ट वाचायला आपल्याच हातात येतो. उद्या असा रिपोर्ट आला, तर तो चारचौघांत वाचू नका. त्या माणसाला एआरटी केंद्रावर घेऊन जा. आणि घरी आल्यावर त्याच्यासमोर चहा ठेवा, आपल्या कपांतल्याच एका कपात.