शिकारी कुत्र्याची झूल : कोणती घ्यावी आणि केव्हां काढावी

थंडी पडूं लागली कीं गोठ्यांतील बैलांच्या अंगावर गोणपाट टाकण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. असें करणाऱ्या शेतकऱ्यास कोणी हंसत नाहीं. उलट जनावरांची काळजी घेणारा म्हणून त्याची तारीफच होते. परंतु तोच शेतकरी आपल्या राखणदार कुत्र्याच्या अंगावर झूल घालूं लागला, तर पारावर बसलेली मंडळी त्याची थट्टा केल्यावांचून राहात नाहींत. “माणसांना पांघरूण पुरेना आणि कुत्र्याला अंगरखा!” हें वाक्य मीं स्वतः ऐकलें आहे. ह्या थट्टेंत अर्धें खरें व अर्धें खोटें आहे, असें माझें मत आहे. आणि तें वाचकांपुढें मांडावें, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

दख्खनच्या पठारावर शिकारीसाठीं जोपासलेली कुत्र्याची जात म्हणजे कारवानी. सोलापूर, लातूर, सांगली वगैरे जिल्ह्यांत आणि पलीकडे कर्नाटकांत ती आढळते; बागलकोट जिल्ह्यांतील मुधोळ गांवावरून तिला मुधोळ हाउंड असेंही म्हणतात. भारतीय टपाल खात्यानें 2005 सालीं देशी कुत्र्यांच्या चार जातींचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळला मान मिळाला. नजरेनें सावज हेरून वेगानें त्याचा पाठलाग करावयाचा, हें ह्या जातीचें मूळचें काम. 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली, तेव्हां तें काम संपलें; आणि तें संपलें हें योग्यच झालें. सशामागें कुत्रा सोडणें हा आज गुन्हा आहे. तथापि जात टिकली, आणि तिच्याकडे मळ्याची व मेंढरांची राखण आली.

ज्या शरीररचनेमुळें हा कुत्रा शिकारींत श्रेष्ठ ठरला, तीच थंडींत त्याला नडते. अंगावर चरबी अगदीं थोडी. केस आंखूड व विरळ. त्याखालची दाट, मऊ लव जवळ जवळ नाहींच. शरीर अरुंद व पाय लांब असल्यामुळें वजनाच्या मानानें उघडी त्वचा अधिक. हिमालयांतील मेंढपाळाचा केसाळ कुत्रा ज्या थंडींत सुखानें झोंप घेतो, तींत कारवानी रात्रभर कुडकुडतो. आणि आपल्याकडे थंडी नसते असें म्हणावें, तर निफाडसारख्या भागांत डिसेंबर-जानेवारींत पारा कधीं कधीं 5 अंश सेल्सिअसच्याही खालीं उतरतो. त्यांत विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे गव्हा-हरभऱ्याला पाणीही रात्रींच द्यावें लागतें. धनी दारें धरावयास निघाला कीं कुत्रा मागोमाग निघतोच. ऊंसाच्या कडेला बिबट्याचें भय असल्यामुळें तो सोबत असावा, असें धन्यालाही वाटतें. मग तो पाटांतून जातो, ओल्या सरींत उभा राहतो, आणि पहांटेच्या वाऱ्यांत तसाच भिजलेला बसून राहतो.

येथें एक स्वतःची गोष्ट सांगणें भाग आहे. दोन हिवाळ्यांपूर्वीं मीं शहरांतील एका दुकानांतून आमच्या कारवानी कुत्रीसाठीं एक झूल आणली. वरून चकचकीत कापड, आंत कापूस भरलेला, किंमत बरीच. दिसावयास ती इतकी ऊबदार कीं घरांतील मुलें आनंदलीं. त्याच आठवड्यांत गव्हाला पाणी देत असतां कुत्री पाटांत उतरली. वरचें कापड ओलें झालें आणि आंतील कापसानें पाणी धरून ठेवलें. मी दारें मोडण्याच्या नादांत होतों. ती पंपाच्या खोलीच्या भिंतीशीं जाऊन मुरकुंडी करून बसली. मध्यरात्रीं ती थरथर कांपत होती, तें मीं बॅटरीच्या उजेडांत पाहिलें, आणि ‘अंगावर झूल आहे, तिला काय होतें’ असें म्हणून पुढच्या सरीकडे वळलों. पहांटे पाहिलें तेव्हां तिची थरथर थांबली होती. तिला आतां बरें वाटत असावें, असें मला वाटलें. जनावरांच्या डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें कीं थरथर थांबली हें बरें लक्षण नव्हतें. कांपून ऊब निर्माण करण्याची शक्तिच संपली होती. कुत्री वांचली नाहीं. झूल वाईट होती हें खरें. परंतु ती ओली असतां अंगावर ठेवणारा मी होतों, हें त्याहून खरें.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचें उष्णमान सुमारें 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतें. तें 99 च्या खालीं गेलें कीं धोका सुरू झाला असें समजावें. पाणी हवेपेक्षां सुमारें 25 पट अधिक वेगानें उष्णता ओढून नेतें. म्हणून ओली झूल ही झूल नव्हेच. ती अंगास गुंडाळलेली थंड पट्टी होय. झूल निवडतांना पहिला प्रश्न ‘ही किती जाड आहे’ हा नसून ‘ही भिजल्यावर काय करते’ हा आहे.

परदेशांतील शिकारी लोकांनीं हा प्रश्न कसा सोडविला, तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंतील आर्कान्सा प्रांतांत भाताचीं शेतें हिवाळ्यांत पाण्याखालीं असतात व तेथें रानबदकें उतरतात. परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामांत त्यांची शिकार चालते, आणि पाण्यांत पडलेला पक्षी काढून आणण्याचें काम लॅब्राडॉर कुत्रा करतो. त्याला निओप्रीनचें जाकीट घालतात. निओप्रीन हें ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत 1930 सालीं तयार झालेलें कृत्रिम रबर. त्याच्या फुगविलेल्या पत्र्यांत वायूचे बंद बुडबुडे असतात. त्यांत पाणी शिरत नाहीं, म्हणून ऊब टिकते व कुत्र्यास तरंगण्यासही मदत होते. हीं जाकिटें बहुधा 3 किंवा 5 मिलिमीटर जाडीचीं असतात. परंतु त्यांचा सर्व गुण अंगाशीं घट्ट बसण्यावर आहे. सैल असलें कीं आंत सतत नवें थंड पाणी खेळतें आणि जाकीट निरुपयोगी होतें. शिवाय निओप्रीनमधून हवा जात नाहीं. कोरड्या रानांत धांवणाऱ्या कुत्र्याचें अंग त्यांत उबून निघतें. तेव्हां पाण्यांत पोहणाऱ्या कुत्र्याचें साधन आपल्या मळ्यावरील कुत्र्यास जसेंच्या तसें घालणें, हें पैसे देऊन दुखणें विकत घेण्यासारखें आहे.

आपल्या कामास उत्तम कापड कोणतें, असें मला विचाराल तर मी घोंगडीचें नांव घेईन. दख्खनी मेंढीची लोंकर राठ असते. परंतु लोंकर आपल्या वजनाच्या जवळ जवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिऊनही अंगास ओली लागत नाहीं, आणि भिजली तरी कापसापेक्षां पुष्कळ ऊब राखते. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळें ताठ असते व टोंचते. ह्यासाठीं वापरून मऊ झालेली जुनी घोंगडीच घ्यावी. गोणपाट वारा अडवितें, पण भिजल्यावर जड होतें. तें कोरड्या गोठ्यांतच ठीक. कापूस भरलेली झूल घरांत किंवा पडवींत चालेल, पाटावर कधींही नाहीं.

आतां माप. तीन मापें घ्यावींत : मानेच्या बुडाचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागें छातीचा घेर, आणि मानेच्या बुडापासून शेंपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी. कारवानीची छाती खोल व कंबर बारीक असल्यामुळें केवळ लांबी पाहून घेतलेली तयार झूल त्याला सहसा बसत नाहीं. छातीला तंग होते व पोटाशीं लोंबते. बंद बांधल्यावर दोन बोटें सहज आंत जावींत, एवढेंच सैल असावें. पुढच्या पायांच्या कांखेंत कापड घांसतां कामा नये. तेथें खोल कापून कडेला मऊ पट्टी शिवावी. पोटाखालचा पट्टा बरगड्यांपाशीं संपावा, नाहीं तर नर कुत्रा लघवी करतांना तो भिजवितो. बंद साध्या कच्च्या दोऱ्यानें टांचलेले असावेत. तारेच्या कुंपणांत किंवा बाभळीच्या कांट्यांत झूल अडकली तर हिसक्यासरशी बंद तुटावेत आणि कुत्रा सुटावा. मजबूत चामडी पट्टा येथें फांस होतो. पाठीवर उजेड परतविणारी एक पट्टी शिवून घ्यावी, म्हणजे रात्रीं रस्त्यावरील गाडीवाल्यास तो दुरून दिसेल. पहिल्या दिवशीं झूल घालून कुत्र्यास चालवावें, बसवावें, धांवडावें. दुसऱ्या दिवशीं कांख व मान पाहावी. केस झिजलेले दिसले तर माप चुकलें आहे असें समजावें.

झूल घालण्याइतकेंच काढण्याचेंही शास्त्र आहे. ती भिजली कीं तत्काळ काढावी, अंग कोरड्या गोणपाटानें चोळून पुसावें व दुसरी कोरडी घालावी. म्हणून झुली दोन हव्यात. ऊन वर आलें कीं काढून ठेवावी. दिवसभर अंगावर राहिलेल्या झुलीखालीं गोचीड व पिसवा माजतात. आठवड्यांतून एकदां तरी ती झटकून कडक उन्हांत टाकावी.

आतां थट्टेंतील अर्ध्या सत्याकडे वळतों. प्रत्येक कुत्र्यास झूल हवी, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. दाट केसांच्या कुत्र्यास ती नको. कारवानी, पिल्लें, म्हातारीं व आजारी कुत्रीं ह्यांपुरतीच तिची गरज आहे. त्यांच्या बाबतींतही झूल तिसरी येते. पहिला निवारा : वारा अडविणारा आडोसा, जमिनीपासून वीतभर उंच फळी आणि तिच्यावर कोरडा कडबा. दुसरें अन्न : थंडींत ऊब टिकविण्यास कुत्र्यास अधिक खाणें लागतें, आणि शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर रात्रभर राखण होत नाहीं. साखळीनें उघड्यावर बांधलेला, अर्धपोटी कुत्रा व त्याच्या अंगावर महागडी झूल, हा देखावा पाहून पारावरची मंडळी हंसलीं तर त्यांना मी दोष देणार नाहीं.

शेवटीं आपल्या संघास एक विनंती. धनगर बांधवांच्या राठ लोंकरीस आज कात्रणीची मजुरीही निघेल असा भाव मिळत नाहीं, आणि घोंगडी विणणारे सनगर हातावर हात ठेवून बसले आहेत. संघानें गांवोगांवच्या सभासदांकडून मापें मागवून अशा झुली एकत्र विणवून व शिवून घेतल्या, तर शेतकऱ्यास स्वस्त व योग्य वस्तु मिळेल आणि विणणाऱ्याच्या मागास काम मिळेल. हें काम मोठ्या भांडवलाचें नाहीं. कोणी तरी मनावर घेण्याचें आहे.

गेल्या वर्षीं त्या कुत्रीचीच एक नात मीं घरीं आणली आहे. तिच्यासाठीं वडिलांच्या जुन्या घोंगडीच्या दोन झुली शिवल्या आहेत. एक तिच्या अंगावर असते, दुसरी कोरडी पंपाच्या खोलींत खुंटीला. रात्रीं पाण्याची पाळी असली म्हणजे प्रत्येक सरीगणिक मी तिच्या पाठीवरून हात फिरवून पाहतों. पारावर हंसणारे हंसोत. ज्यानें ओल्या झुलीखालीं गार पडलेलें अंग एकदां हातानें चांचपलें आहे, त्याला त्या हंसण्याचें कांहीं वाटत नाहीं.