पादचारी हा वाहतुकीचा घटक नव्हे काय?

पुणे महापालिका २०२१ सालापासून ११ डिसेंबर हा दिवस ‘पादचारी दिन’ म्हणून पाळत आली आहे. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद केला जातो आणि एरवी दुकानांच्या पायऱ्यांना अंग घासत चालणारा माणूस रस्त्याच्या मधोमध निर्धास्तपणे हिंडतो. उपक्रम स्तुत्य आहे. त्याची थट्टा करण्याचा हेतू नाही. परंतु ज्याच्यासाठी एक दिवस राखून ठेवावा लागतो, त्याचे उरलेले वर्ष दुसऱ्याच्या मालकीचे असते, याची कबुलीही त्यात नकळत दिली जाते. याच महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले होते. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी परिवहन धोरणात तर रस्ते हे वाहनांसाठी नसून माणसांच्या जाण्यायेण्यासाठी आहेत, हे तत्त्व स्पष्टपणे मांडलेले आहे. तेव्हा धोरणांची वाण आहे असे कोणासही म्हणता येणार नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला सरासरी नव्वद. आगगाडीच्या एखाद्या अपघातात नव्वद प्रवासी दगावले, तर मंत्र्यांच्या राजीनाम्याची मागणी होते, चौकशी समिती बसते, संसदेत निवेदन होते. येथे तेवढीच माणसे रोज मरतात. परंतु ती एके ठिकाणी मरत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील चार ओळी येतात.

त्या चार ओळींची भाषा न्याहाळण्यासारखी असते. ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’, ‘भरधाव वाहनाची धडक बसून’, ‘रस्ता ओलांडत असताना’. नियंत्रण जणू आपल्या आपण सुटते आणि धडक आपल्या आपण बसते. साऱ्या वाक्यात काही करणारा माणूस असा एकच उरतो, आणि तो म्हणजे रस्ता ओलांडणारा! व्याकरण शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे.

वस्तुतः नियंत्रण सुटण्यामागे बहुधा काहीही गूढ नसते. ते गणित आठवीच्या मुलालाही सोडवता येईल. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. पुढे माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात मोटार १० मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर आणि उत्तम ब्रेक असतानाही ती थांबायला आणखी सुमारे सात मीटर लागतात. हाच वेग ताशी ५४ किलोमीटर केला, तर पहिले अंतर १५ मीटरांचे होते आणि दुसरे सोळा मीटरांचे, कारण ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अठरा मीटरांवर एखादी वृद्ध स्त्री रस्त्यात असेल, तर पहिली मोटार तिच्यापुढे कशीबशी थांबेल. दुसरी तिच्यावर ताशी जवळजवळ ५० किलोमीटरच्या वेगाने आदळेल. दोन्ही चालक सारखेच दक्ष, दोन्ही वाहने सारखीच नवी. फरक फक्त वेगाचा. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते याच कारणाने. तरीही २०१८ साली केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीत मोटारींसाठी ताशी ७० आणि मोटारसायकलींसाठी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवण्यात आली. ती कमी करण्याची मुभा राज्यांना आहे. शहरी रस्त्यावर ताशी ७० किलोमीटर ही मर्यादा ज्यांना योग्य वाटली, त्यांनी शहरात रस्ता पायी ओलांडल्याला बराच काळ लोटला असावा.

बेदरकार वाहनचालकास जरब बसेल अशी शिक्षा हवी, अशी मागणी प्रत्येक मोठ्या अपघातानंतर होते. ती अयोग्य नाही. मुंबईत कार्टर रस्त्यावर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली चिरडले गेले, तेव्हा सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा सहा महिन्यांची होती. ती उच्च न्यायालयाने तीन वर्षांची केली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. हयगयीने मृत्यूस कारणीभूत होण्यास जुन्या दंडसंहितेत फार तर दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. परंतु संतापालाही आपली निवड असते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगर येथे अल्पवयीन मुलाच्या आलिशान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले आणि त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा सारा देश खवळला. त्याच वर्षी डिसेंबरात वाघोली येथे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. पोटासाठी अमरावतीकडून आलेली ती कुटुंबे होती. तिघे मेले, त्यांत दोन लहान मुले. त्या डंपरवर कोणी निबंध लिहिला नाही. श्रीमंताच्या पोराचा राग येणे सोपे असते. शहराचे बांधकाम ज्यांच्या अंगावरून जाते, त्यांच्याबद्दल राग यायला थोडा विचार करावा लागतो.

आणि शिक्षा कितीही कठोर केली तरी ती मृत्यूनंतर येते. वाहनाचा वेग आधी कमी होतो तो दोनच गोष्टींनी: पकडले जाण्याच्या खात्रीने आणि रस्त्याच्या घडणीने. पैकी दुसरी आपल्या हातात पूर्णपणे आहे. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा केला की चालक त्यावरून वेगाने जाणारच. तेथे ‘वाहने सावकाश चालवा’ असा फलक लावणे म्हणजे ताट वाढून उपवासाचा उपदेश करण्यासारखे आहे. आपल्याकडे मात्र वाहनांचा खोळंबा हाच वाहतुकीचा एकमेव प्रश्न मानला गेला. तो सोडवण्यासाठी रस्ते एकेरी केले. त्यामुळे वेग वाढला, आणि उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्यांमुळे पादचाऱ्याची मान मात्र दोन्हीकडे वळवावी लागते ती लागतेच. उड्डाणपूल बांधले, त्यांपैकी विद्यापीठ चौकातील पूल २०२० मध्ये पाडावेही लागले. २००६ साली कात्रज-स्वारगेट मार्गावर जलद बससेवा सुरू झाली, तेव्हा थांबे रस्त्याच्या मध्यावर आले आणि बसपर्यंत जिवंत पोहोचणे हीच प्रवासातील अवघड बाब ठरली. चालणाऱ्यांची अडचण होते असे लक्षात आले की पादचारी पूल वा भुयारी मार्ग सुचवला जातो. यंत्राला क्षणभर थांबावे लागू नये म्हणून गुडघेदुखीच्या म्हातारीने दोन मजले चढावे आणि उतरावे, असा त्याचा साधा अर्थ आहे.

पादचारी तरी कोठे शिस्त पाळतात, असा प्रश्न यावर हमखास येतो. तो खोटा नाही. परंतु माणूस नेहमी जवळचा रस्ता धरतो, आणि त्याच्या वाटेवर ओलांडमार्ग नसेल तर तो दुभाजकाच्या फटीतून जातो. हिरव्या दिव्याचेही तसेच. चोवीस मीटरांचा रस्ता ओलांडायला तरुण माणसास वीस सेकंद लागतात. सावकाश चालणाऱ्या वृद्धास तीस. तेवढा वेळ दिला नाही तर नियम पाळणाराच मधोमध अडकतो. पदपथावर सलग १.८ मीटर मोकळी जागा असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक सांगते. ती जागा अडवल्याचे खापर फेरीवाल्यांवर फोडण्याची रीत आहे. पण विजेच्या पेट्या, जाहिरातींचे खांब, दुकानांच्या वाढवलेल्या पायऱ्या आणि उभ्या केलेल्या दुचाक्या यांचा हिशेब कोणी मांडत नाही. सकाळी साडेनऊला पदपथावर दुचाकी चढवणारा गृहस्थ काही गुंड नसतो. तो कचेरीस निघालेला कारकून असतो, तासाला उशीर झालेला प्राध्यापक असतो, परीक्षेस जाणारा विद्यार्थी असतो. वाहन उभे करून दहा पावले चालला की तोही पादचारी होतो आणि मागून येणाऱ्यास शिव्या देतो!

जंगली महाराज रस्त्यावर २०१६-१७ च्या सुमारास पदपथ रुंद करण्यात आले, बसायला बाक आले, मुलांना खेळायला जागा झाली. त्यामुळे शहराची वाहतूक कोलमडली नाही. जे एका रस्त्यावर जमले ते इतरत्र का जमू नये, याला पैशाखेरीज दुसरे कारण दिसत नाही, आणि उड्डाणपुलांसाठी पैसा मिळतो हे आपण पाहतोच. कायदाही आता पादचाऱ्याच्या बाजूने आहे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांप्रमाणे झेब्रा पट्ट्यांवर पादचारी असेल तर वाहनाने थांबलेच पाहिजे. २०१९ मध्ये कायद्यात आलेल्या कलम १९८(अ) प्रमाणे सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाल्यास संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पादचाऱ्यांच्या रक्षणासाठी सहा महिन्यांत नियम करण्याचा आदेश राज्यांना दिला.

ते नियम कागदावर कसेही असोत, महापालिकेला शाळांपासून आरंभ करण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. शाळेच्या दारासमोरील ओलांडमार्ग पदपथाच्या उंचीपर्यंत उचलून घेणे, दोन्ही बाजूंनी रस्ता अरुंद करणे आणि त्या टप्प्यात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा घालणे, एवढेच काम आहे. ते उन्हाळ्याच्या सुटीत होण्यासारखे आहे.