मॅच पाहा, पण पीककर्ज डावावर लावू नका

क्रिकेट पाहू नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. दिवसभर उन्हात वखर हाकलेल्या माणसाने संध्याकाळी चार घटका मॅच पाहिली, तर कोणाचे काय बिघडले? बिघडते ते पुढे. मॅचच्या मागोमाग एक दुसरा पाहुणा घरात शिरतो. तो म्हणतो, घरबसल्या कमवा. बियाण्या-खताचा पैसा ज्या खात्यात आहे, त्याच खात्याला हा पाहुणा हात घालतो. तुमच्याशी बोलायचे आहे ते त्याच्याबद्दल.

आधी कॅलेंडर पाहा. आयपीएल १८ एप्रिल २००८ रोजी सुरू झाली. तेव्हापासून बहुतेक वर्षी मार्च-एप्रिल ते मेअखेर हा तिचा हंगाम. २०२२ ते २०२५ या चारही वर्षांत एकेका हंगामात ७४ सामने ठरले होते. आता आपले कॅलेंडर पाहा. कापूस विकून झालेला, तूर-हरभरा घरात नाही तर बाजारात. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. ३१ मार्चच्या आत सोसायटीचे नवं-जुनं करायचे, त्यासाठी सोयऱ्याधायऱ्यांकडून, नाही तर सावकाराकडून चार दिवसांसाठी पैसा उचलायचा. एप्रिलपासून नवे पीककर्ज हाती येते. पेरणीला दीड-दोन महिने अवकाश. म्हणजे खात्यात कर्जाचा पैसा, शेतात काम कमी आणि रोज संध्याकाळी साडेसातला मॅच. ही गाठ कोणी मुद्दाम बांधली नसेल, पण फास मात्र आपल्याच गळ्याला बसतो.

हा खेळ एवढा मोठा झाला कसा, तेही समजून घ्या. एके काळी गावात एक टीव्ही आणि त्यावर एकटे दूरदर्शन. लाईन गेली की मॅच गेली. सामने दाखवण्यासाठी दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे पैसे मागायचे. १९९३ मध्ये हीरो कपवरून मंडळ आणि दूरदर्शन यांचे भांडण कोर्टात गेले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही. निकाल योग्यच होता. पण त्यानंतर खाजगी वाहिन्यांचा बाजार फुलला आणि भाव चढत गेले. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एका सामन्याचे सुमारे ११८ कोटी झाले.

एवढा पैसा देणारा तो वसूल कोठून करणार? जाहिरातीतून. आणि जाहिरातवाला कोणाकडून? तुमच्याकडून. या बाजारात विकला जाणारा माल म्हणजे तुमची नजर. कापसाला भाव कमी मिळाला की आपण रस्त्यावर उतरतो, या मालाचा तर आपण भावही विचारत नाही.

अनेक वर्षे या जाहिरातींत पुढे होते ते पैशाच्या खेळांचे अ‍ॅप. २०२० च्या आयपीएलला ड्रीम ११ चे नाव लागले. २०२३ ते ऑगस्ट २०२५ भारतीय संघाच्या छातीवरही तेच नाव होते. ज्या खेळाडूंना आपली पोरे देव मानतात, तेच सांगत होते की टीम लावा, जिंका. मग पारावर बसून पोट्टे टीम लावून राहिले तर नवल कसले? "लागलं त कोटी, नाही त पन्नासच गेले," हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल.

पन्नासचा हिशेब

तेव्हा पन्नासचाच हिशेब करू. समजा, गावातील शंभर जणांनी प्रत्येकी ५० रुपये लावले. ५,००० रुपये जमले. खेळ चालवणाऱ्याने त्यातून १५ टक्के, म्हणजे ७५० रुपये आपले म्हणून काढले. उरले ४,२५०. ते चार-दोन जणांना मिळाले, बाकीचे हात हलवत घरी गेले. दुसऱ्या दिवशी तेच ४,२५० रुपये पुन्हा लागले, पुन्हा कपात झाली. असे पाच सामने झाले की त्या ५,००० पैकी गावात उरतात सव्वादोन हजारांच्याही आत. कोण जिंकले, कोण हरले याला महत्त्व नाही. गाव म्हणून आपण निम्म्याहून जास्त पैसा पाच दिवसांत गावाबाहेर पाठवला. आणि हंगामात सामने पाच नसतात, सत्तरहून अधिक असतात.

यावर कर वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापला जात होता. आपण दलालाच्या अडतीवर आणि मापातल्या कटतीवर भांडतो. एवढी कटती आपल्या कापसावर कोणी लावली असती, तर आपण बाजार समितीचे फाटक बंद केले असते.

आता कायद्याचे पाहू. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला बळी मानले आहे. या खेळांचा फटका ४५ कोटी लोकांना बसतो आणि वर्षाला २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडतात, असा सरकारचाच अंदाज होता. त्याच उन्हाळ्यानंतर, जुलैमध्ये, आपल्या राज्याच्या कृषिमंत्र्यांवर सभागृहात मोबाईलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. तरी महिनाअखेर त्यांचे कृषी खाते गेले आणि मिळाले ते क्रीडा खाते! यावर आपण वेगळे काय बोलावे?

तुम्ही म्हणाल, कायदा झाला, मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले, मग हे रडगाणे काहून? कारण दुकान बंद झाले तरी गिऱ्हाईक तेच आहे आणि त्याची सवयही तीच आहे. परवान्याचे दुकान बंद झाले की हातभट्टी जोर धरते, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. आता कोणी 'आयडी' देतो, कोणी लिंक पाठवतो. पैसा कोणाच्या खात्यात जातो याचा पत्ता नसतो. विदर्भातीलच उदाहरण घ्या. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली. पोलिसांनी गोंदियातील एका घरावर छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोने सापडले. व्यापाऱ्याचे कोटी गेले, तर आपल्या घरचे पेरणीचे पैसे किती दिवस टिकतील?

दुसरा धोका याहून मोठा आहे. "घरबसल्या काम, व्हिडिओला लाईक करा, रोज हजार रुपये" असा संदेश येतो. पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरेच जमा होतात. मग मोठे काम हवे असेल तर आधी पैसे भरा म्हणतात आणि भरलेले परत येत नाहीत. काही पोरांना तर सांगतात, "तुझं खातं अन् सिम फक्त वापरायला दे, महिन्याला पैसे घे." त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, खाते गोठते आणि पोलीस दारात येतात ते खातेदाराच्या. बापाचे अनुदान आणि पीकविमा त्याच खात्यात येत असेल, तर तोही अडकतो. खाते भाड्याने देणे ही कमाई नाही, तो गुन्ह्यातला भाग आहे.

जुगार काही मोबाईलने आणला नाही. सट्टा होता, मटका होता, शंकरपटावर पैज लागत होती. पण तेव्हा त्यासाठी उठून जावे लागे, रोख मोजावी लागे, आणि जाताना काका-मामा पाहात. गावाची नजर हीच मोठी आडकाठी होती. आता पोरगा घरात खाटेवर पडून असतो. आईला वाटते, बरे झाले, घरीच आहे. पैसा मात्र घराबाहेर गेलेला असतो आणि घराला कळते ते कृषी केंद्रावर बियाणे घ्यायला गेल्यावर.

टीव्हीवरच्या खेळाने भलेही केले आहे. ते नाकारणे अन्याय होईल. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव भारतासाठी कसोटी खेळला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली आणि आपले दोन्ही संघ जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मराठी मुलगी. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. हे पाहून शाळेच्या मैदानावर एक जरी मुलगी जास्त उतरली, तरी टीव्ही वसूल झाला. खेळ पाहून खेळायला उठणारा पोरगा वेगळा आणि खेळ पाहून खिसा चाचपडणारा वेगळा. पहिल्याला चेंडू घेऊन द्या, दुसऱ्याला जवळ बसवून बोला.

खरी घरबसल्या कमाई

कमाई घरबसल्या होते, हे मात्र खोटे नाही. याच एप्रिल-मे महिन्यांत आपल्या घरात ती होतच असते, पण आपण तिला कमाई म्हणत नाही. घरची बाई शेवया, कुरड्या, पापड, सांडगे करते. बचत गटाच्या बाया तेच विकून गटाचा हप्ता फेडतात. दारात दोन शेळ्या आणि पाच कोंबड्या तीच सांभाळते. झरी, केळापूर, घाटंजीकडची कोलाम-गोंड घरे पहाटे उठून मोहफूल वेचतात, तेंदूपाने तोडतात. या कामात कोटी लागत नाहीत, पण घातलेले बुडतही नाही.

पुरुषांनाही काम आहे. घरचे सोयाबीन बियाणे ठेवले असेल तर मे महिन्यात उगवण तपासा. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. असे तीन वेळा करा. आठवड्याने मोजा. शंभरात सत्तर किंवा जास्त चांगले कोंब आले तर एकरी तीस किलो बियाणे पुरे. कमी आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा, फारच कमी असेल तर ते पेरू नका. दाणे मोजायला एका ओव्हरएवढाही वेळ लागत नाही, मॅच पाहता पाहता होते. बॅगांवरचा खर्च वाचला ती तुमची बक्षिसाची रक्कम, आणि त्यावर कोणी कर कापत नाही. मेअखेरीपासून निंबोळी पडू लागते. ती वेचून, धुऊन, वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी गाळली आणि पाणी घालून शंभर लिटर केली की पाच टक्के अर्क तयार होतो. पहिल्या फवारणीला तो चालतो. २०१७ च्या फवारणीत आपल्याच जिल्ह्यातील वीसच्या आसपास माणसे विषबाधेने गेली. एक विषारी फवारा कमी झाला तर त्याचे मोल पैशातही मोजता येणार नाही.

मग करायचे काय? घरापुरते तीन नियम करा. पीककर्ज ज्या खात्यात येते ते खाते पोराच्या फोनला जोडू नका. कर्ज हाती येताच बियाणे-खताची यादी करा आणि तेवढा पैसा घरच्या बाईच्या हिशेबात ठेवा. तिसरे, कोणी हरला असेल तर त्याला पारावर हसू नका. लाजेने माणूस गप्प होतो, हरलेले परत मिळवायला पुन्हा लावतो आणि शेवटी सावकाराकडे जातो. आपल्या जिल्ह्यात असे गप्प झालेले माणूस एकटे सोडणे परवडणारे नाही. फसवणूक झाली तर लाज न धरता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, मग पोलीस ठाणे आणि बँक गाठा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सरपंच, पोलीस पाटील आणि आपण अजूनही ज्यांना तलाठी, ग्रामसेवक म्हणतो त्या अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. १ मेची ग्रामसभा बरोबर आयपीएलच्या मध्यावर येते. त्या सभेत हा विषय घ्या. 'आयडी' वाटणारा गावात कोण आहे हे गावाला ठाऊक असते, फक्त कागदावर येत नाही. ते कागदावर आणा. कायदा खेळणाऱ्याला बळी मानतो, तेव्हा पकडायचे ते चालवणाऱ्याला, पोरांना नव्हे. सोसायटीच्या सचिवांनी कर्जवाटपाच्या दिवशी पाच मिनिटे हेच बोलावे. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी उगवण तपासणी ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोरच करून दाखवावी, गर्दी आयती जमलेली असते.

मृगाच्या सरी आल्या की टीव्हीवरचा तमाशा संपलेला असतो. जिंकलेला संघ चषक घेऊन जातो, हरलेल्या संघालाही मानधन मिळते. आपला खेळ त्या दिवसापासून सुरू होतो, तोही पावसाच्या, भावाच्या आणि बोंडअळीच्या भरवशावर. एवढा मोठा डाव दरवर्षी खेळणाऱ्या माणसाला आणखी एका जुगाराची गरज काय?