रविवारच्या सूचना

रविवारच्या उपासनेत प्रवचन आणि अर्पण यांच्या मागेपुढे एक छोटासा भाग असतो. पंचांपैकी कोणी तरी उठून हातातल्या कागदावरून येत्या आठवड्याच्या सूचना वाचून दाखवितात. बुधवारी अमक्या वस्तीत प्रार्थनासभा, शनिवारी महिला मंडळाची बैठक, सायंकाळी सात वाजता गायनमंडळाचा सराव, अमुक घरी आजारी माणूस आहे त्याच्यासाठी प्रार्थना, तमुक वधूवरांच्या विवाहाची जाहीर सूचना. या वेळी मागच्या बाकांवर कुजबुज चालते आणि मुले चुळबुळ करतात. उपासनेतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग असला, तरी मंडळी जिवंत आहे की नुसती इमारत उरली आहे, हे प्रवचनापेक्षा या कागदावरून अधिक कळते. डिसेंबर जवळ आला की हा कागद लांबत जातो. म्हणूनच त्यात काय असते आणि काय नसते, याचा विचार करण्यास हीच वेळ योग्य होय.

नगर जिल्ह्यातील मराठी मंडळ्यांपुरते बोलावयाचे तर या विचाराला मोठी पार्श्वभूमी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा येथलीच. ती पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये येथेच निघाला. पुढे १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले व त्याची दारे प्रारंभापासून सर्वांना खुली ठेवली. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. परंतु या संस्थांमधून शिकलेल्या लोकांच्या पिढ्या जिल्हाभर पसरल्या आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत. मंडळीच्या उपक्रमांचा लाभ कुंपणाबाहेर जात असे, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे.

आजच्या सूचनांत कुंपणाबाहेरचे फारसे काही सापडत नाही. नाताळपूर्वीचे चार रविवार, घरोघरी जाऊन गायिली जाणारी गीते, ख्रिस्तजन्माची नाटिका, संडे स्कूलच्या मुलांचे बक्षीसवाटप, एकतीस डिसेंबरच्या रात्रीची उपासना हा क्रम ठरलेला आहे. यात गैर काही नाही; वर्षभर राबणाऱ्या माणसांना सणाचा आनंद हवाच. मात्र ध्वनिक्षेपकाच्या भाड्यावर जेवढी चर्चा पंचमंडळात होते तेवढी नाटिकेच्या संहितेवर होत नाही, हे कोणीही जुना सभासद मान्य करील.

याहून गंभीर गोष्ट भाषेची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि १९१९ मध्ये ते वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग, भजन आणि कीर्तन यांचा सूर दिला. परभाषेतील गीतांच्या भाषांतरावर पोसलेली मंडळी त्यांच्यामुळे आपल्या मातीतल्या चालीवर गाऊ लागली. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक ज्या घरात आहे तेथे संतवाङ्मयाचे संस्कार आपोआप पोहोचतात, मग त्या घरातील कोणी ज्ञानेश्वरी उघडलेली असो वा नसो. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्तिसदनात बसून मूळ भाषांवरून सगळे बायबल मराठीत आणले. सामान्य बायाबापड्यांना ते समजावे, हा त्यांचा ध्यास होता. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आता या वारशाचे वारस इंग्रजी शाळांत शिकत आहेत. आईबापांना त्यासाठी दोष देता येत नाही. जे गाव सोडून शहरात आले, ज्यांच्यापाशी जमीन नाही आणि ज्यांच्या हाती शिक्षणाखेरीज दुसरे भांडवल नाही, त्यांनी मुलांना इंग्रजी शिकवू नये असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? परंतु ज्या मुलाला देवनागरी वाचताना अडखळायला होते, ते मूल हातातले गीतपुस्तक मिटून ठेवते. पडद्यावर रोमन लिपीत उमटलेले टिळकांचे अभंग पाहून ते म्हणते. ओठ हलतात, अर्थ मात्र पोहोचत नाही. थोड्या वर्षांनी ते इंग्रजी उपासनेची मागणी करील, आणि मग आजी एका उपासनेला व नातू दुसऱ्या उपासनेला अशी घराचीच वाटणी होईल. संडे स्कूलमध्ये दर आठवड्याला अर्धा तास देवनागरी वाचन घेणे मुळीच खर्चिक नाही. मंडळीत निवृत्त शिक्षक-शिक्षिकांची वाण कधीच नव्हती.

हंगामाच्या सणाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण मराठी मंडळ्यांच्या वर्षात इतका देखणा दिवस दुसरा नाही. पिके घरी आली की पहिल्या उत्पन्नातला वाटा वेदीपुढे आणून ठेवावयाचा: ज्वारीची कणसे, बाजरी, उसाची मोळी, भोपळे, अंडी, क्वचित पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की अंगणात लिलाव होतो. दहा-वीस रुपयांचा भोपळा चढाओढीने पाचशेला जातो. घेणारा तो पुन्हा दान करतो आणि लिलाव पुन्हा सुरू होतो. बोली लावणारा माणूस विनोदी असला तर गर्दी हलत नाही. शहरातल्या सभासदांना आता शेत नाही, म्हणून ते बाजारातून फळांची टोपली विकत आणतात. कोणाला यात कृत्रिमता वाटेल. आम्हांला वाटत नाही. मासिक पगार हेही पीकच आहे.

प्रश्न आहे तो लिलावाच्या पैशाचा. हा पैसा इमारतीच्या रंगरंगोटीत जातो तेव्हा सणातला अर्थ पातळ होतो. या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग खेड्यांतील महार व मांग कुटुंबांतून आलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. गावकुसाबाहेरची वस्ती तीच, दारिद्र्य तेच, फक्त शिष्यवृत्तीच्या अर्जावरचा रकाना वेगळा. हा वाद न्यायालयात आणि संसदेत लढावयाचा आहे, तो लढला जाईल. तोपर्यंत खेड्यातून शहरात शिकावयास आलेल्या मुलाची खाणावळ आणि परीक्षेची फी हंगामाच्या दानातून भरली जावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दोष सगळा मंडळीचा आहे असे मात्र नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ वाचून हसणारा आणि डोळे पुसणारा मराठी वाचक लक्ष्मीबाईंच्या मंडळीत आज काय चालते याची चौकशीही करीत नाही. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, म्हणजे मराठीत ख्रिस्ती लेखनाला चार शतके उलटून गेली. तरीही कचेरीतला सहकारी आपल्या शेजारच्या टेबलावरील थोरात किंवा गायकवाडांना ‘तुमचे मराठी फार छान आहे हो’ असे कौतुकाने सांगतो. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, आणि ऐकणारा सवयीने हसून घेतो. परके मानले जाण्याची ही सवय एखाद्या समाजाला आपल्या कुंपणाच्या आत ढकलते. मग कार्यक्रमही आतच होऊ लागतात.

या डिसेंबरपुरते तरी काही करता येईल. सूचनांचा कागद उपासनेत वाचून झाला की त्याची ठळक मराठीत लिहिलेली एक प्रत फाटकाबाहेर लावावी आणि त्यावर ‘सर्वांना निमंत्रण’ हे शब्द असावेत. नाताळ आणि नवे वर्ष यांमधल्या आठवड्यात एक सायंकाळ टिळकांच्या परंपरेतील ख्रिस्ती कीर्तनाला द्यावी. अंगणात सतरंज्या टाकाव्यात, कारण बाकांपेक्षा सतरंजीवर शेजारच्या गल्लीतला माणूस लवकर बसतो. कीर्तनकार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, त्यांचे वय झाले आहे आणि साथीला बसलेली तबल्यावरची व पेटीवरची तरुण मुले उत्तररंग कसा उभा करावयाचा हे त्यांच्याकडून अजून शिकू शकतात.