राबणे म्हणजे खेळणे नव्हे!

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील तांडे, वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि दहा-चौदा वर्षांची पोरे. काही पोरे आई-बापाबरोबर फडावर जातात. मागे राहिलेल्याला आई नाही, गेलेल्याला शाळा नाही. मुलीच्या डोक्यावर तर लग्नाची टांगती तलवार. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधील 20 ते 24 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. या पोरांच्या मनाचे काय होत असेल, हे कोणी विचारले आहे काय?

खेळण्या-धावण्याने या वयातील मनाची उदासी, धास्ती कमी होण्यास मदत होते. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांची चांगली दमवणारी हालचाल सांगते. यावर शहाणे म्हणतील, मोळ्या वाहणाऱ्या पोरांना व्यायाम कशाला? आम्ही म्हणतो, राबणे म्हणजे खेळणे नव्हे! मोळी पोटासाठी, दुसऱ्याच्या हुकमाने उचलली जाते. कबड्डीच्या मैदानात पोर स्वतःच्या मर्जीने उतरते. तिथे त्याला सवंगडी भेटतात, हरून पुन्हा उभे राहता येते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, तसाच मुंबईत महार हॉकी क्लबही चालवला. आपले तरुण जुगार-दारूपासून दूर राहावेत, हा त्यामागील हेतू होता.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सहा किलोमीटरवरच्या शाळेत जात असे. पुढे महार रेजिमेंटमध्ये दाखल झालेल्या या जवानाने 2023 च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्याचे सत्कार जरूर करा; पण बाकीच्या पोरांना मैदान कधी देणार?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान सांगितले आहे. ते कागदावर नको. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या प्रत्येक वसतिगृहात रोज एक तास खेळाचा, आणि मुलींसाठी महिला क्रीडाशिक्षिका हवी. खेळ हे सगळ्या दुखण्यांवरचे औषध नाही. ज्या मुलाचे मन खरेच आजारी आहे, त्याला डॉक्टरच हवा. 14416 ही सरकारी मोफत हेल्पलाईनही आहे.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर आपल्या बुद्धविहारासमोरचे अंगण तर आपलेच आहे! गावोगावच्या कार्यकर्त्यांनी संध्याकाळी तिथे पोरापोरींना जमवावे. जयंतीला डीजे लावणाऱ्या हातांनी एक चेंडू आणायला काय हरकत आहे?